महासत्तेची पत

आमच्या उर्दू हायस्कूलमध्ये नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवताना शनिवारचा शेवटचा तास आम्ही मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवतो. गेल्या सप्टेंबरात एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, अमेरिका बुडणार का?" त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. डॉलर संपला, अमेरिका कंगाल झाली, आता तिचे दिवस भरले, असे त्यात कोणीतरी मोठ्या आवाजात सांगत होते. वर्गात खुशीची लहर उठली. दोन-चार मुलांनी बाकावर थापही मारली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. त्याची अम्मी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवण्याचे काम करते. सोलापूरचे टॉवेल आखाती देशांत, युरोपात आणि अमेरिकेतही जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाकडून तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के, असा एकूण ५० टक्के आयात कर लावला. अम्मीच्या कारखान्याची परदेशी ऑर्डर थांबली आणि सहा दिवसांचे काम तीन दिवसांवर आले. तो म्हणाला, "अमेरिका बुडो नाहीतर तरो, सर. अम्मीचे काम पुन्हा कधी सुरू होणार, ते सांगा."

दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत, आणि एका तासात त्यांचे उत्तर देणे शक्य नव्हते. त्यानंतरचे कितीतरी शनिवार आम्ही त्यावरच घालवले. त्या तासांचा गोषवारा वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण हेच प्रश्न आज आपल्या घराघरांत, चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या मांडवातही विचारले जात आहेत.

ऋण काढून सण

अमेरिकेच्या केंद्र सरकारवरील कर्ज ऑगस्ट २०२५ मध्ये ३७ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. हा आकडा फळ्यावर लिहायचा तर ३७ पुढे बारा शून्ये मांडावी लागतात. तिथली लोकसंख्या सुमारे ३४ कोटी आहे. म्हणजे आज जन्मलेल्या बाळापासून नव्वदीच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला १ लाख डॉलरहून अधिक कर्ज येते.

हे नेहमीच असे नव्हते. २००० साली हे कर्ज ६ लाख कोटींहून कमी होते. इतकेच नव्हे, तर १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे सरकारचा खर्च भागून पैसा शिल्लक राहत होता. मग पंचवीस वर्षांत झाले काय? २००१ आणि २००३ मध्ये कर कमी केले गेले. त्याच काळात अफगाणिस्तान आणि इराकची युद्धे सुरू झाली आणि ती उधारीवर लढली गेली. २००८ मध्ये बँका कोसळल्या, त्यांना सावरायला पैसा लागला. २०१७ मध्ये पुन्हा करकपात झाली. २०२० मध्ये करोना आला. लोकांचे आयुर्मान वाढल्याने वृद्धांच्या पेन्शनचा आणि औषधपाण्याचा खर्च तर दरवर्षी वाढतच होता. जुलै २०२५ मध्ये आणखी एक मोठा करकपातीचा कायदा झाला. त्यामुळे दहा वर्षांत तुटीत सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरची भर पडेल, असा अंदाज तिथल्या संसदेच्याच हिशोब कार्यालयाने दिला आहे. त्याच कार्यालयाच्या अंदाजानुसार या कायद्यामुळे सुमारे १ कोटी लोकांचा आरोग्य विमा जाणार आहे.

आपल्याकडे ऋण काढून सण करणाऱ्याला शेजारीपाजारी नावे ठेवतात. अमेरिकेत दोन्ही पक्षांनी हेच केले. एकाला कर वाढवणे नको, दुसऱ्याला खर्च कमी करणे नको, आणि मधली दरी कर्जाने भरायची.

बरीच वर्षे हे खपून गेले, कारण व्याजदर शून्याच्या आसपास होते. २०२२ मध्ये महागाई ९ टक्क्यांवर गेली आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेला दर ५ टक्क्यांच्या वर न्यावे लागले. मग जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज चढ्या व्याजाने घेणे आले. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचे सुमारे ८८ हजार कोटी डॉलर निव्वळ व्याजात गेले. संरक्षणावर होणाऱ्या खर्चापेक्षा ही रक्कम जास्त आहे. जगात सैन्यावर सर्वांत जास्त खर्च करणारा देश सैन्यापेक्षा जास्त पैसा व्याजाला देतो. व्याजाबद्दल आपल्या घरांत काय शिकवले जाते, ते वाचकांना नव्याने सांगायला नको. इथे नुसता हिशोबच पुरेसा बोलका आहे.

कर्जदाराची पत मोजणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी अमेरिकेची सर्वोच्च श्रेणी एकामागून एक काढून घेतली. पहिलीने २०११ मध्ये, दुसरीने २०२३ मध्ये आणि तिसरीने मे २०२५ मध्ये.

शेठजींची चिठ्ठी

इथे एका मुलीने नेमका प्रश्न विचारला. "इतके कर्ज दुसऱ्या देशावर असते तर तो केव्हाच बुडाला असता. अमेरिकेला अजून कोण पैसे देतो?"

आम्ही तिला एका बाजारपेठेची गोष्ट सांगितली. समजा, एका पेठेत एक शेठजी आहेत. त्यांच्या सहीची चिठ्ठी दाखवली की कोणताही दुकानदार माल देतो. हळूहळू दुकानदार आपसातही त्याच चिठ्ठ्या देऊ-घेऊ लागतात. चिठ्ठी घेऊन शेठजींकडे पैसे मागायला कोणी जातच नाही. आता शेठजींना काही हवे असेल तर त्यांनी नुसती एक नवी चिठ्ठी लिहायची. डॉलर ही ती चिठ्ठी आहे.

१९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स या ठिकाणी ४४ देशांची परिषद झाली आणि जगाची चलने डॉलरला बांधली गेली. डॉलर सोन्याला बांधलेला होता. ३५ डॉलर द्या आणि एक औंस सोने घ्या, असे वचन होते. व्हिएतनामच्या युद्धाचा खर्च आणि इतर देशांकडे साचत गेलेले डॉलर यांमुळे ते वचन पाळणे अशक्य झाले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सोन्याची खिडकी बंद केली. तरीही चिठ्ठी चालत राहिली. तेलाचा व्यापार मुख्यतः डॉलरमध्ये होत होता आणि आखाती देश तेलाचे डॉलर पुन्हा अमेरिकेच्याच सरकारी रोख्यांत गुंतवत होते. जपान, चीन आणि इतर देशांनीही तेच केले. सोने गेले आणि पत उरली.

या सोयीची एक किंमत असते. रॉबर्ट ट्रिफिन नावाच्या अर्थतज्ज्ञाने ती १९६० मध्येच दाखवून दिली होती. साऱ्या पेठेत चिठ्ठी फिरायला हवी असेल तर शेठजींनी ती सतत बाहेर दिली पाहिजे. म्हणजे विकण्यापेक्षा जास्त विकत घेतले पाहिजे. पण सतत देत राहिले तर एक दिवस लोक विचारणार की एवढ्या चिठ्ठ्यांमागे आहे काय?

दुसरा परिणाम कारखान्यांवर होतो. जगाला डॉलर हवा असल्याने तो महाग राहतो, आणि महाग चलनाच्या देशात बनलेला माल बाहेर विकत नाही. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेत २००० साली कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख कामगार होते, ते २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाखांवर आले. ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत गावेच्या गावे ओस पडली. गिरण्या बंद पडल्यावर गावाचे काय होते, हे सोलापूरकरांना आणि मुंबईच्या गिरणगावाला कोणी शिकवण्याची गरज नाही. त्याच गावांत पुढे वेदनाशामक गोळ्यांचे आणि मग त्याहून भयंकर नशेचे व्यसन पसरले. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी अमेरिकेत नशेच्या अतिसेवनाने १ लाखाहून अधिक माणसे मेली.

या संतप्त गावांना नेत्यांनी आयात कराचे औषध सांगितले. बाहेरचा माल महाग करा, कारखाने परत येतील. पण आयात कर परदेशी कारखानदार भरत नाही. तो अमेरिकेतला आयातदार भरतो आणि मग एकतर ग्राहकाकडून वसूल करतो, नाहीतर माल पाठवणाऱ्याला भाव पाडायला लावतो. तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या देशातून माल घेतो. भारतावर ५० टक्के कर असताना पाकिस्तानवर १९ आणि बांगलादेश व व्हिएतनामवर २० टक्के होता. मागच्या बाकावरच्या मुलाला आम्ही हे समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे अम्मीने कडा नीट शिवल्या तरी काही उपयोग नाही." आम्ही गप्प राहिलो.

घरातली फूट

कर्ज ही काही दैवी आपत्ती नाही. कर थोडे वाढवून आणि खर्च थोडे कमी करून ते आवरता येते. मग ते का होत नाही? कारण निर्णय घेणारे घरच फुटले आहे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये लिहिली गेली. लहान राज्यांना मोठ्यांची भीती होती, म्हणून सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा ठरल्या. आज कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९० लाखांच्या आसपास आणि वायोमिंगची ६ लाखांहूनही कमी आहे. जागा दोघांनाही दोनच. त्यात सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचे तर शंभरपैकी साठ सदस्य लागतात. राष्ट्राध्यक्षाची निवड ५३८ प्रतिनिधींमार्फत होते. त्यामुळे २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला.

कनिष्ठ सभागृहाच्या मतदारसंघांची गोष्ट वेगळीच आहे. बहुतेक राज्यांत सत्ताधारी पक्षच सीमा आखतो आणि साहजिकच आपल्या सोयीच्या आखतो. त्यामुळे बहुसंख्य जागांचा निकाल आधीच ठरलेला असतो. अशा ठिकाणी उमेदवाराला विरोधी पक्षाची भीती उरत नाही. भीती असते ती आपल्याच पक्षातल्या अधिक कडव्या माणसाची. मग तडजोड करणारा गद्दार ठरतो आणि ओरडणारा निवडून येतो. एरवी दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर आखल्या जाणाऱ्या सीमा २०२५ मध्ये टेक्सासने मध्येच बदलल्या आणि कॅलिफोर्नियाने त्याला तसेच उत्तर दिले.

याचे फळ सगळ्यांनी पाहिले. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज बंद राहिले. त्या देशाच्या तोपर्यंतच्या इतिहासातले हे सर्वांत लांब टाळे होते. लाखो सरकारी कर्मचारी पगाराविना राहिले, विमानतळांवर वाहतूक नियंत्रक बिनपगारी काम करत होते, आणि गरिबांच्या अन्नसाहाय्याचे पैसे अडकले. पैसा नव्हता म्हणून हे घडले नाही. सह्या करणाऱ्यांचे पटत नव्हते, म्हणून घडले.

चार वर्षांचा शब्द

घरात एकमत नसेल तर बाहेर दिलेला शब्दही टिकत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचे आजचे मोठे दुखणे हेच आहे.

त्यामागे एक साधी यंत्रणा आहे. आंतरराष्ट्रीय तह पक्का करायचा तर सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते लागतात. आजच्या फुटीत ती मिळणे जवळपास अशक्य. म्हणून राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात करार करतो आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष तो स्वतःच्या अधिकारात मोडतो. २०१५ मध्ये इराणशी अणुकरार झाला. आंतरराष्ट्रीय निरीक्षक इराण अटी पाळत असल्याचे सांगत असतानाच मे २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. हवामानाच्या पॅरिस करारातून अमेरिका एकदा बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. उद्या कोणी अमेरिकेशी वीस वर्षांचा करार करायचा म्हटला, तर पुढची निवडणूक कधी आहे हे तो आधी विचारणारच.

मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तो विनाशकारी शस्त्रांच्या नावाने. ती शस्त्रे सापडली नाहीत. अफगाणिस्तानात वीस वर्षे राहून ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकन सैन्य परतले, तेव्हा काबूलमध्ये पुन्हा तेच तालिबान होते ज्यांना हटवायला ते गेले होते. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने ११ सप्टेंबरनंतरच्या युद्धांचा खर्च, जखमी सैनिकांची पुढची देखभाल धरून, सुमारे ८ लाख कोटी डॉलर मांडला आहे. लाखो इराकी आणि अफगाण जिवांची मोजदाद डॉलरमध्ये होत नाही.

आणि मग गाझा. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेत युद्धविरामाच्या ठरावाच्या बाजूने १४ देश होते आणि विरोधात एकटी अमेरिका. युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकेने असा ठराव नकाराधिकाराने अडवण्याची ती सहावी वेळ होती. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून अधिक माणसे मारली गेली होती, आणि त्यांत हजारो मुले होती. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेने जोर लावला आणि युद्धविराम झाला. म्हणजे जोर लावता येत होता. दोन वर्षे तो का लावला नाही, हा प्रश्न जगाने मनात नोंदवून ठेवला आहे. युक्रेनबाबत आंतरराष्ट्रीय कायद्याचा दाखला देणारा देश गाझाबाबत तोच कायदा विसरतो, हे दिसायला फार मोठा अभ्यास लागत नाही.

पत केवळ शस्त्रांनी बनत नाही. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सुरू केलेल्या एड्सविरोधी कार्यक्रमाने, मुख्यतः आफ्रिकेत, सुमारे अडीच कोटी जीव वाचवले. याच बुश यांनी इराकवर हल्ला केला होता, हेही मुलांना सांगायला हवे, कारण देश आणि माणसे एकरंगी नसतात. परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली. तिचा खर्च केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकाच्या सुमारे एक टक्काच होता. दवाखाने बंद करून वाचवलेला तो पैसा व्याजाच्या डोंगरापुढे कुठेच दिसत नाही. गमावलेली दुवा मात्र दिसत राहील.

समोर चीन उभा आहे. जगातली निम्म्याहून अधिक व्यापारी जहाजे तो बांधतो, अमेरिका एक टक्कासुद्धा नाही. मोटारी, क्षेपणास्त्रे आणि मोबाइल यांना लागणाऱ्या दुर्मीळ खनिजांचे शुद्धीकरण जवळपास सगळे चीनमध्येच होते. एप्रिल २०२५ मध्ये आयात कराला उत्तर म्हणून चीनने ही खनिजे आवळली आणि अमेरिकेला वाटाघाटींना बसावे लागले. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३० हजार कोटी डॉलरची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली, तेव्हापासून अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका जोरात सोने घेत आहेत. जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला ७० टक्क्यांच्या आसपास होता. आता तो ६० च्या खाली आहे.

सुएझचा धडा

महासत्ता एका दिवसात पडत नाही, पण एखाद्या दिवशी ती पडलेली आहे हे सगळ्यांना कळते. ब्रिटनसाठी तो दिवस १९५६ मध्ये आला. जुलैमध्ये इजिप्तच्या जमाल अब्दुल नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला केला. रणांगणावर ते जिंकत होते. पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हे युद्ध मान्य नव्हते. ब्रिटनचा पौंड घसरू लागला आणि त्याला सावरायला अमेरिकेने मदत नाकारली. ब्रिटनने माघार घेतली आणि वर्ष संपायच्या आत त्याचे सैन्य इजिप्तमधून बाहेर पडले. बंदुकी होत्या, सैनिक होते, पण पत दुसऱ्याच्या हाती होती.

सुमारे सात शतकांपूर्वी ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्ने खलदून यांनी आपल्या 'मुकद्दमा'त हाच विचार मांडला होता. राज्ये उभी राहतात ती लोकांच्या एकोप्यावर. पुढच्या पिढ्यांना ऐषआराम आयता मिळतो, एकोपा विरतो, खर्च वाढतो आणि राज्य आतून पोखरले जाते. शत्रू येतो तो शेवटी. गंमत अशी की १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आपल्या करकपातीच्या समर्थनार्थ याच इब्ने खलदून यांचा हवाला दिला होता. कमी करांबद्दलचा भाग त्यांनी घेतला, एकोप्याचा भाग तसाच राहिला.

मग बुडणार का?

इतके सांगितल्यावर मुलांना वाटले, उत्तर "हो" आहे. तेव्हा आम्ही फळ्याची दुसरी बाजू भरली.

जगाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा आजही अमेरिकेचा आहे. आज सर्वांत जास्त कच्चे तेल काढणारा देश अमेरिका आहे, सौदी अरेबिया नव्हे. २०२४ मध्ये जगाच्या लष्करी खर्चातले शंभरातले ३७ डॉलर तिचे होते. दोन्ही बाजूंना महासागर आहेत आणि शेजारी दुबळे आहेत. २०२३-२४ मध्ये तिथे शिकणारे भारतीय विद्यार्थी ३ लाख ३० हजारांहून अधिक होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. आम्ही वर्गात विचारले, "शिष्यवृत्ती मिळाली तर अमेरिकेत शिकायला कोण जाईल?" बाकावर थाप मारणाऱ्या मुलांचेही हात वर गेले.

आणि स्वतःची चूक दुरुस्त करण्याची त्या समाजात एक ताकद आहे. मुहम्मद अली यांनी १९६७ मध्ये व्हिएतनामला लढायला जाण्यास नकार दिला. त्यांचे विजेतेपद काढून घेतले, शिक्षा झाली. १९७१ मध्ये त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. गाझासाठी तंबू ठोकून बसलेली मुले अमेरिकेच्याच विद्यापीठांतली होती, आणि त्यांत ज्यू मुलेही होती. राष्ट्राध्यक्षांनी असे सरसकट आयात कर लावणे त्यांच्या अधिकारात बसत नाही, असा निकाल २०२५ मध्ये तिथल्याच दोन न्यायालयांनी दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कने जोहरान ममदानी यांना महापौर म्हणून निवडले, त्या शहराचे पहिले मुस्लिम महापौर. १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह आकाशात गेला तेव्हा, सत्तरच्या दशकात व्हिएतनाम हरल्यावर आणि ऐंशीच्या दशकात जपान पुढे आल्यावर, प्रत्येक वेळी अमेरिका संपल्याचे सांगितले गेले. तिन्ही वेळा ते खोटे ठरले.

तेव्हा आमचे उत्तर असे. अमेरिका उद्या बुडत नाही. तिची पत मात्र झिजते आहे, आणि ती बाहेरच्या शत्रूपेक्षा घरातल्या भांडणाने आणि न पाळलेल्या शब्दाने जास्त झिजते आहे. ती घाईने कोसळली तर आपण टाळ्या वाजवायला मोकळे राहणार नाही. आखातात काम करणाऱ्या आपल्या भावांचे पगार डॉलरला बांधलेल्या रियाल-दिरहममध्ये होतात, आपले तेल डॉलरमध्ये येते, टॉवेल डॉलरमध्ये जातो. मोठे झाड पडले की खालची झोपडी आधी चिरडते.

म्हणून घरात अशी चित्रफीत आली की मुलांना ओरडू नये आणि स्वतः पुढेही पाठवू नये. त्यातला एक आकडा घेऊन तो खरा आहे का, हे त्यांना शोधायला लावावे. कोणाच्या पडण्यावर खूश होणे सोपे असते, तो का पडतो आहे हे समजून घेणे कष्टाचे. पण दुसऱ्या कामातूनच मुले शहाणी होतात.

अम्मीच्या कारखान्यात दिवाळीनंतर देशी बाजाराचे टॉवेल सुरू झाले. काम पाच दिवसांवर आले आहे, नगामागची मजुरी मात्र कमी झाली आहे. मागच्या बाकावरच्या मुलाने हे आम्हाला स्वतःहून येऊन सांगितले. आणि बुडण्याचा प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या मुलाने परवा नवा प्रश्न आणला आहे. "सर, मग आपल्या देशावर किती कर्ज आहे? आणि आपले घर एक आहे का?"

पुढचा शनिवार आम्ही त्यासाठी राखून ठेवला आहे.